जिद्दीची गोष्ट आणि उचलीचा हिशेब

कलावंताच्या चरित्राचा एक साचा आपल्याकडे रूढ झालेला आहे. गरिबीत जन्म, लहानपणी उपासमार, मग अंगभूत प्रतिभेची जाणीव, संकटांशी झुंज आणि शेवटी कीर्ती. या साच्यात दलित कलावंत बसवला की लेख तयार होतो, जयंतीचे भाषण तयार होते आणि शालेय पुस्तकातला धडाही तयार होतो. ऐकणाऱ्याचे डोळे पाणावतात आणि तो समाधानाने घरी जातो. या समाधानाविषयीच मला शंका आहे. या साच्यात संकटांचे वर्णन असे केलेले असते, की जणू ती दुष्काळासारखी आभाळातून कोसळली. ती कोणी निर्माण केली, ती कोणाच्या सोयीची होती, आणि कलावंत त्यातून तरला तो एकट्याच्या बळावर की आणखी कोणाच्या खांद्यावर, हे प्रश्न तेथे विचारले जात नाहीत. जिद्द हा शब्द एवढा मोठा होतो, की त्याच्या आड भिंत दिसेनाशी होते.

दलित कलावंताच्या जिद्दीचा इतिहास लिहायचा असेल तर तो या भिंतीपासून लिहिला पाहिजे, असे माझे मत आहे. त्यासाठी मी येथे जलसा, तमाशा आणि शाहिरी यांच्या परंपरेतील काही माणसांचा विचार करणार आहे. ही माणसे वाचकांना परिचित आहेत. त्यांच्याकडे पाहण्याची रीत मात्र बदलायला हवी.

पहिली गोष्ट ही, की पांढरपेशा कलावंताची अडचण आणि आपल्या कलावंताची अडचण या दोन वेगळ्या जातीच्या अडचणी आहेत. पांढरपेशा घरातला मुलगा नाटकात गेला किंवा गाऊ लागला, तर तो आपल्या जातीचे काम सोडून कलेकडे जात असे. घरचे रागावत, बाप बोलणे टाकी. हा त्रास खराच होता. पण आपल्याकडे कला हेच जातीचे काम होते. गावच्या लग्नात, जत्रेत, देवाच्या पालखीपुढे हलगी, डफ, सनई वाजवायची ती मांगाने. फडात नाचायचे ते कोल्हाट्याच्या, महाराच्या, मांगाच्या पोरीने. त्याचा मोबदला बलुत्याच्या हिशेबात, म्हणजे देणाऱ्याच्या मर्जीवर. या माणसाला गाण्याची बंदी नव्हती. त्याला न गाण्याची बंदी होती. आणि गाऊनही कलावंत म्हणवून घेण्याची बंदी होती. म्हणून त्याची झुंज कला मिळवण्याची नव्हती. वेठ म्हणून गळ्यात पडलेल्या कलेची मालकी मिळवण्याची ती झुंज होती.

मराठी वाङ्मयाच्या इतिहासाने ही मालकी कशी वाटली ते पाहण्यासारखे आहे. पेशवाईतील राम जोशी, अनंत फंदी, होनाजी बाळा, प्रभाकर, सगनभाऊ यांच्या रचनांना शाहिरी काव्य म्हणून मानाचे पान मिळाले. त्यांच्या लावण्यांवर प्रबंध झाले. पण हीच लावणी त्याच काळात आणि पुढेही जिच्या पायातल्या घुंगरांवर उभी राहिली, त्या बाईला मात्र इतिहासात नाव नाही. शब्द साहित्यात गेले आणि शरीर अश्लील ठरले. शर्मिला रेगे यांनी लावणीविषयी लिहिताना आणि शैलजा पाईक यांनी २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या 'द व्हल्गॅरिटी ऑफ कास्ट' या इंग्रजी ग्रंथात या वाटणीमागचे जातीचे राजकारण अभ्यासून दाखवले आहे. तमाशा अश्लील आहे म्हणून ती बाई हलकी ठरली, असा हा क्रम नाही. ती बाई हलक्या जातीची मानलेली होती म्हणून तिची कला अश्लील ठरवणे सोपे गेले.

पठ्ठे बापूराव आणि पवळा यांची जोडी या बाबतीत बोलकी आहे. बापूराव हे रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी. त्यांनी वतन आणि घरदार सोडून तमाशाचा फड धरला. याला सर्वांनी त्याग म्हटले, आणि तो होताच. ते १९४५ साली विपन्नावस्थेत वारले. त्यांच्या नावाने चरित्रे झाली, चित्रपट झाला. पवळा ही संगमनेरजवळच्या हिवरगावची महाराची मुलगी. तिच्या आवाजासाठी आणि अदाकारीसाठी लोक तुडुंब गर्दी करत. पण तिच्या बाबतीत त्याग हा शब्द कोणी वापरत नाही, कारण सोडण्यासारखे वतनच तिच्याजवळ नव्हते. ज्याच्याजवळ काही होते त्याने ते सोडले तर इतिहास घडतो. जिच्याजवळ काही नव्हते तिने शून्यातून स्वतःचे नाव उभे केले, तरी तिला दुसऱ्याच्या चरित्रातल्या एका प्रकरणात राहावे लागते. आपण आपल्या लेखनात तरी ही चूक चालू ठेवू नये.

चळवळीच्या स्मृतीत एक प्रसंग नेहमी सांगितला जातो. बापूरावांनी महाडच्या सत्याग्रहासाठी तमाशाच्या खेळांचे उत्पन्न देऊ केले आणि बाबासाहेबांनी ते नाकारले. आमच्या बायका नाचवून आलेला पैसा आम्हांला नको, अशी त्यामागची भूमिका होती. ही भूमिका मला पटते. ज्या समाजाच्या स्त्रीला जातीने नाचायला उभे केले, त्या समाजाने स्वाभिमानाची लढाई त्याच पैशावर लढावी हे विसंगत ठरले असते. पण या नकारानंतर एक प्रश्न शिल्लक राहतो आणि तो आपण टाळत आलो आहोत. नाचणे सोडून त्या बाईने जगायचे कसे? तिचा ताल, तिचा आवाज, वर्षानुवर्षांची मेहनत या सगळ्याचे नव्या जीवनात काय करायचे? या प्रश्नाचे अर्धे उत्तर आंबेडकरी जलशाने दिले. अर्धे अजून द्यायचे आहे.

जलशाची परंपरा सत्यशोधकांपासूनची. जोतीरावांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज स्थापन केला आणि पुढे त्या विचारांचे जलसे गावोगाव फिरले. त्यांनी तमाशाचा साचा घेतला व आतला ऐवज बदलला. आंबेडकरी जलशाने हीच वाट पुढे नेली. नाशिक भागातील भीमराव कर्डक हे या जलशांचे एक प्रमुख शाहीर. त्यांनी १९७८ साली 'आंबेडकरी जलसे : स्वरूप व कार्य' हे पुस्तक लिहून ठेवले नसते, तर या इतिहासाचा केवढा तरी भाग लोकांच्या तोंडीच राहिला आणि विरला असता. कलावंताने स्वतःच स्वतःचा इतिहासकार व्हावे लागणे, हीसुद्धा आपल्याकडची एक खास अडचण म्हणावी लागेल.

जलशाने काय केले? गणातला गणपती गेला. गौळणीतला कृष्णाचा चाळा गेला. वगाच्या जागी शिक्षण, दारूबंदी, मेलेली ढोरे ओढणे बंद करणे, महारकीचा त्याग, मंदिरप्रवेश असे विषय आले. १९३० साली सुरू झालेला काळाराम मंदिराचा सत्याग्रह, १९३७ ची स्वतंत्र मजूर पक्षाची निवडणूक, या साऱ्यांचा निरोप निरक्षर वस्तीपर्यंत नेण्याचे काम गाण्याने केले. ढोलकी तीच, तुणतुणे तेच, झील धरणारेही तेच. पण वाजवणारा आता वेठीला आलेला नव्हता. तो स्वतःहून आलेला होता.

मला यात सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो अर्थकारणाचा भाग. जलशातील माणसे बहुधा गिरण्यांत, रेल्वेत, गोदीत किंवा शेतावर राबणारी होती. पाळी संपल्यावर चाळीत तालीम व्हायची. रात्री जलसा आणि सकाळी पुन्हा भोंगा. दौलतजादा नव्हता. भाकरी वस्ती देई, मुक्कामाला जागा वस्ती देई आणि प्रवासखर्चासाठी वर्गणीही वस्तीच काढी. म्हणजे या कलावंताचा आश्रयदाता राजा नव्हता, सावकार नव्हता, नाटक कंपनीचा मालकही नव्हता. त्याचा आश्रयदाता त्याच्याइतकाच गरीब असा त्याचा समाज होता. मराठी कलेच्या इतिहासात या आश्रयाची नोंद फारशी कोणी घेतलेली नाही. पण ती घेतल्याशिवाय पुढची माणसे समजत नाहीत.

जलशाची मर्यादाही सांगितली पाहिजे. त्याने स्त्रीला अप्रतिष्ठेच्या रंगमंचावरून खाली उतरवले, पण प्रतिष्ठेच्या रंगमंचावर वर घेतले नाही. स्त्रीपात्रे पुरुषांनीच केली. ज्या घरांची चूल तमाशावर पेटत होती, त्या घरांना हा नवा रंगमंच पोटाला लावू शकत नव्हता. जागृती झाली, उपजीविका झाली नाही. तमाशा उपजीविका देत राहिला आणि प्रतिष्ठा मागत राहिला. दलित कलावंताची पुढची वाट या दोन टोकांमध्ये अडकलेली दिसते.

वामनदादा कर्डक यांचे उदाहरण घेऊ. जन्म १५ ऑगस्ट १९२२, सिन्नर तालुक्यातील देशवंडी. मुंबईत आले तेव्हा अक्षरओळख नव्हती. चाळीत कोणीतरी पत्र वाचून दाखवायला आणले आणि ते वाचता आले नाही, ही बोच त्यांना शिकण्याकडे घेऊन गेली. ते मोठेपणी शिकले. बाराखडी एका शिकलेल्या माणसाने शिकवली आणि जोडाक्षरे दुकानांच्या पाट्यांनी. १९४३ साली त्यांनी पहिले गीत रचले. त्यांचा पहिला गीतसंग्रह 'वाटचाल' निघाला तो १९७३ साली. मधली तीस वर्षे हा कवी कागदावर छापलेला नव्हता, तो माणसांच्या तोंडात होता. समीक्षेने त्याला कवी मानले नाही. मी ज्या पिढीचा आहे त्या पिढीने मात्र जयंतीच्या मंडपात त्यांची गाणी आधी ऐकली आणि पाठ्यपुस्तकातली कविता नंतर वाचली. छंद म्हणजे काय हे आम्हांला शाळेच्या आधी गायन पार्टीने शिकवले.

वामनदादांच्या गीताच्या शेवटच्या कडव्यात 'वामन' हे नाव येते. या नाममुद्रेला संतांची आणि शाहिरांची परंपरा आहे, असे अभ्यासक सांगतात. ते बरोबर आहे. पण मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. ज्या कवीची गाणी शेकडो गायक गातात, पुढे ध्वनिफितींवर विकली जातात, आणि जेथे लोकांच्या लक्षात गाणाऱ्याचे नाव राहते पण लिहिणाऱ्याचे राहत नाही, तेथे कडव्यात गुंफलेले नाव हाच त्याचा सातबारा असतो. ते नाव काढले तर यमक मोडते. कायद्याने न दिलेले संरक्षण त्यांनी छंदाकडून मिळवले. वामनदादा १५ मे २००४ रोजी वारले. शेवटपर्यंत ते गावोगाव फिरून गात राहिले, हा त्यांच्या निष्ठेचा भाग होता. पण म्हाताऱ्या कवीला अशी पायपीट करावी लागते, हा आपल्याही हिशेबाचा भाग आहे.

अण्णाभाऊ साठे यांची कहाणी तर साच्यात बसवून बसवून गुळगुळीत केली गेली आहे. वाटेगाव ते मुंबई पायी प्रवास, दीड दिवसाची शाळा आणि मग थेट पस्तीस कादंबऱ्यांचा डोंगर. मधले जग गाळले की चमत्कार उरतो. मधे काय होते? १ ऑगस्ट १९२० ला जन्मलेल्या या मुलाच्या भाऊबंदात तमाशाचा फड होता. वाद्य, गाणे, पाठांतर आणि प्रेक्षकाची नाडी या गोष्टी त्याला तेथे मिळाल्या. मुंबईत हमाली, गिरणीत झाडूकाम अशी कामे होती. त्याच मुंबईत माटुंग्याचा लेबर कॅम्प होता, युनियन होती, सभा होत्या, रात्री वाचायला पुस्तके देणारी माणसे होती. १९४४ साली अमर शेख आणि गव्हाणकर यांच्यासह लाल बावटा कलापथक उभे राहिले. स्टालिनग्राडचा पोवाडा, 'अकलेची गोष्ट', 'माझी मुंबई' या गोष्टी एकट्या खोलीत बसून झालेल्या नाहीत. त्या गिरणगावाने ऐकल्या, दुरुस्त केल्या आणि उचलून धरल्या. शाळेने जे दिले नाही ते कामगारांच्या वस्तीने दिले.

आणि अडवले कोणी? स्वातंत्र्य मिळाल्यानंतर थोड्याच दिवसांत मुंबई सरकारने तमाशावर बंदी घातली. नंतर तमाशा सुधारण्यासाठी समिती नेमली गेली आणि संहिता तपासून घेण्याची अट आली. सुधारणा कोणाची करायची होती? त्या खेळांत सावकाराची आणि पुढाऱ्याची टर उडवली जात होती, हे विसरून चालणार नाही. तमाशा या नावावर बंदी आली तेव्हा अण्णाभाऊंनी त्याच साच्याला लोकनाट्य म्हटले आणि खेळ चालू ठेवला. याला मी जिद्द म्हणतो. यात कष्ट आहेत, पण त्यापेक्षा अधिक राजकीय शहाणपण आहे.

'फकिरा' १९५९ साली आली, ती त्यांनी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. १९६१ साली तिला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला, त्याच वर्षी ते रशियाला जाऊन आले. कादंबऱ्यांवर चित्रपट निघाले. तरीही हा लेखक लेखनाचा बहुतेक काळ घाटकोपरच्या चिरागनगरातील झोपडीत राहिला आणि १८ जुलै १९६९ रोजी पन्नाशी गाठण्याच्या आत गेला. २००२ साली त्यांच्या नावाचे टपाल तिकीट निघाले. २०२२ साली मॉस्कोत पुतळा उभा राहिला. या सन्मानांचा मला आनंद आहे. पण पुस्तके खपत होती तेव्हा लेखकाच्या घरात तेल-मीठ का नव्हते, हा प्रश्न पुतळ्याला विचारता येत नाही. तो पुस्तकाच्या आणि चित्रपटाच्या धंद्याला विचारावा लागतो.

आता विठाबाई. भाऊ मांग नारायणगावकर यांची ही मुलगी १९३५ साली पंढरपुरात जन्मली. तिच्याविषयीचा एक प्रसंग सारा महाराष्ट्र जाणतो. दिवस भरलेले असताना ती बोर्डावर नाचत होती, कळा आल्या, ती पडद्यामागे गेली, बाळंत झाली, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा नाचायला उभी राहिली. हा प्रसंग सांगताना वक्त्याचा आवाज चढतो. कलेवरची निष्ठा म्हणून टाळ्या पडतात. मी या टाळ्यांत सामील होऊ शकत नाही. नवव्या महिन्यात बाई बोर्डावर का होती, हा प्रश्न त्या टाळ्यांत बुडून जातो.

त्याचे उत्तर तमाशाच्या धंद्याच्या रचनेत आहे. दसऱ्याच्या सुमारास फड बाहेर पडतो. चैत्र-वैशाखातल्या गावजत्रा हा कमाईचा खरा काळ. गुढीपाडव्याच्या आधी नारायणगावला फडमालकांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पंच तेथे येऊन जत्रेची सुपारी देतात. पाऊस पडला की कनात गुंडाळली जाते आणि चार महिने हात रिकामे. त्या चार महिन्यांत कलावंत मालकाकडून उचल घेतो. कोणाचे लग्न, कोणाचे आजारपण, कोणाचे घर शाकारणे. ती उचल पुढच्या हंगामात नाचून फेडायची. हंगाम संपता संपता पुन्हा नवी उचल. मालकही सुखी असतो असे नाही, तोही सावकाराकडून व्याजाने आणतो. ठरलेल्या गावात खेळ मोडला तर सुपारी बुडते आणि फडातली सारी माणसे उपाशी राहतात. या साखळीत सुट्टी नाही, बाळंतपण नाही, आजार नाही. विठाबाईचे धैर्य अपार होते, यात वाद नाही. पण ते धैर्य तिला ज्या व्यवस्थेने करायला लावले त्या व्यवस्थेचे नाव न घेता धैर्याची आरती ओवाळणे म्हणजे त्या व्यवस्थेला माफी देणे आहे.

तिला १९५७ आणि १९९० साली राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव मिळाला. १५ जानेवारी २००२ रोजी ती गेली तेव्हा दवाखान्याचे बिल भरायला लोकांनी पैसे गोळा करावे लागले. २००६ साली शासनाने तिच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. जिवंतपणी उचल आणि मेल्यावर गौरव, असा हा क्रम आहे. २०२० आणि २०२१ साली साथीमुळे जत्रा बंद राहिल्या तेव्हा या धंद्याखाली किती पातळ जमीन आहे ते पुन्हा एकदा दिसले. एक हंगाम बुडाला की पुढच्या हंगामांवर कर्जाची सावली पडते.

आणखी एक गोष्ट बोलली पाहिजे. जिद्दीचा इतिहास आपण तरलेल्या माणसांवरून लिहितो. सगळेच तरत नाहीत. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांनी गोळीबार केला, दहा माणसे मारली गेली. त्यानंतर काही दिवसांतच शाहीर विलास घोगरे यांनी आत्महत्या केली. त्यांचा आवाज आजही ऐकायला मिळतो तो आनंद पटवर्धन यांच्या माहितीपटांमुळे. घोगरे यांच्याकडे जिद्द कमी होती असे कोणी म्हणू शकेल काय? जिद्द हा जर यशाचा मापदंड मानला, तर न तरलेला प्रत्येक कलावंत दोषी ठरतो. हा मापदंडच आपण नाकारला पाहिजे.

मग या इतिहासातून हाती काय लागते? मला तीन गोष्टी दिसतात. कलावंत टिकतो तो ऐकणारा समाज पाठीशी असतो म्हणून. जलशाला वस्ती होती, अण्णाभाऊंना गिरणगाव होते, वामनदादांना जयंतीचा मंडप होता. दुसरे, तो टिकतो तो वारशातले कसब टाकून न देता त्याची मालकी बदलतो म्हणून. वेठीची ढोलकी चळवळीची होते, बंदी आलेला तमाशा लोकनाट्य होतो. तिसरे, एवढे होऊनही तो कंगाल मरतो, कारण त्याच्या श्रमाचा हिशेब कोणी ठेवत नाही, आणि हे कोणी म्हणजे दर वेळी दुसरेच असतात असे नाही. जयंतीच्या वर्गणीत मंडपाला, दिव्यांना, ध्वनिक्षेपकाला पैसे असतात. शाहिराची बिदागी मात्र शेवटी, उरल्यासुरल्यातून दिली जाते.

म्हणून माझी वाचकांना विनंती आहे. तरुण अभ्यासकांनी यापुढे एखाद्या कलावंतावर लिहिताना तीन प्रश्न विचारूनच लिहावे : त्याला कोणी अडवले, त्याला पोटाला कोणी घातले, आणि त्याच्या कामाचे पैसे कोणाच्या खिशात गेले. आपापल्या गावात जुन्या जलसेकऱ्यांच्या, सोंगाड्यांच्या, झिलकऱ्यांच्या घरी गाण्यांची बाडे अजून माळ्यावर पडलेली आहेत. ती वाळवी खाण्याच्या आत उतरवून घ्यावीत, त्यावर लिहिणाऱ्याचे नाव घालावे, फडातल्या बायकांची नावे विचारून ती नोंदवावीत. आणि वस्तीच्या कार्यक्रमाचा जमाखर्च मांडताना कलावंताची बिदागी पहिल्या ओळीत लिहावी. पोवाडे गाणाऱ्याचे पोट रिकामे ठेवून त्याच्या जिद्दीचे पोवाडे गाण्याचा अधिकार आपल्याला नाही.